वरचा पाणवठा

"काय रे सूर्यभान, पान्याले भेतं का? अजून येळ हाय, फिर मांगं!"

शेजारचे महादेवराव काका काठावरून ओरडले आणि जमलेली माणसे हसली. बाबा मोर्णा नदीच्या काठाशी उभे होते. मी त्यांचे कोरडे धोतर छातीशी धरून मागे. आई आली नव्हती. "तुमचं तुमी पाहा, मी चूल सोडत नाही," एवढेच म्हणून तिने ते धोतर माझ्या हाती दिले होते.

ती कापसाची वर्षे होती. समुद्रापलीकडे कुठेशी लढाई चालली होती म्हणे, आणि आमच्या काळ्या मातीतला कापूस सोन्याच्या भावाने जात होता. अकोल्याच्या बाजारात गाड्या लागल्या की रस्ता दिसत नसे. हौशी लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या होत्या. अजूनही डोळे मिटले की मला ती चमक दिसते, घरभर रचलेल्या कापसाचा वास येतो. अशा दिवसांत बाबांनी ख्रिस्ती व्हायचे ठरवले, तेव्हा गावाला त्याचे कारणच सापडेना.

"पोटासाठी बाटला असता तं समजलो असतो," महादेवराव काका म्हणत. "याच्या घरी तं कनग्या फुटून राहिल्या."

कारण होते. माझ्या धाकट्या काकांना पटकी झाली तेव्हा घरचे कोणी जवळ गेले नाही. बाबाही उंबऱ्याशीच थांबले. गावाबाहेर राहुटी टाकून राहिलेले पादरी साहेब मात्र आत गेले. त्यांनी काकांना आपल्या हातांनी पुसले आणि शेवटपर्यंत त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसले. बाबांनी ते उंबऱ्यातून पाहिले. तेव्हापासून ते साहेबांच्या राहुटीकडे जाऊ लागले.

त्या दिवशी बाप्तिस्मा दोघांचा होता. दुसरी तान्हाबाई, महारवाड्यातली. ती आमच्या शेतात कापूस वेचायची. तिच्या ओटीतला कापूस आमच्या घरात देवघराच्या भिंतीला लागून रचलेला असे. कापसाला विटाळ नव्हता. पाण्याला होता. गावाचा पाणवठा नदीच्या वरच्या अंगाला आणि महारांचा खालच्या, म्हणजे त्यांचे पाणी वाहून आमच्याकडे यायला नको. वरच्या पाणवठ्यावर गावाने मनाई केली, म्हणून साहेबांनी खालचा डोह निवडला होता.

साहेब आधी कमरेइतक्या पाण्यात गेले. तान्हाबाई पदर खोचून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग बाबा उतरले. साहेबांनी त्यांना तिच्या पलीकडची जागा हाताने दाखवली. तिथे तिच्या अंगावरून आलेले पाणी बाबांच्या अंगाला लागणार होते.

बाबा तिकडे निघाले. मधेच थांबले. मग साहेबांच्या पाठीमागून वळसा घालून वरच्या अंगाला येऊन उभे राहिले. तान्हाबाई आणखी थोडी खाली सरकली. साहेब परमुलखातले. त्यांना वाटले असेल, पायाखाली दगड टोचला.

काठावर मात्र सगळ्यांना कळले. साहेबांनी पित्याचे, पुत्राचे, पवित्र आत्म्याचे नाव घेतले, बाबांना पाण्याखाली नेले आणि वर काढले. पाणी अजून कानांतून गळत होते, तोच महादेवराव काका म्हणाले,

"सूर्यभान, तुह्या येशूकडं बी वरचाच पाणवठा हाय का रे?"

असे हसू मी पुन्हा कधी ऐकले नाही. धोतर घेताना बाबांनी माझ्याकडे पाहिले नाही.

घरी आईने वाढलेले ताट तसेच राहिले. सकाळी बाबा मला बोटाला धरून साहेबांकडे निघाले.

"साहेब, मले पुन्हा बाप्तिस्मा द्या."

"तो एकदाच होतो, सूर्यभानजी."

"पण मले तो लागलाच नाही. मी पान्यात बी कुनबीच राह्यलो." आणि त्यांनी जे झाले ते सगळे सांगितले.

"बाप्तिस्मा तुम्ही केला नाही," साहेब म्हणाले, "देवाने केला. तुम्ही चुकीच्या जागी उभे राहिलात म्हणून तो खोटा होत नाही. मात्र आता तुम्हाला त्याला शोभेल असे चालावे लागेल."

"खोटा असता तं बरं झालं असतं," बाबा पुटपुटले.

तिथून ते घरी वळले नाहीत. गावकुसाबाहेर महारवाड्यात शिरले. मी तिथे कधी गेले नव्हते. तेही गेले नसावेत, कारण घर त्यांना विचारावे लागले. तान्हाबाई दारात ज्वारी पाखडत होती. आम्हाला पाहून ती सूप टाकून उभी राहिली.

"मालक, तुमी इकडं काहून आले जी? निरोप धाडाचा होता."

"मालक म्हनू नोको. काल माहं चुकलं, तान्हाबाई."

तिला आमच्या घरच्या कोणी 'बाई' म्हटल्याचे मी प्रथमच ऐकले. तिने मान खाली घातली.

"तुमचं काय घेऊन बसले? तुमी चाल्ले तसे चाल्ले. मी काहून सरकली? मले कोनी सरक म्हनलं होतं का? साहेब म्हने, पान्यात जुनं मानूस मरते. माहे पाय तं जितेच होते बापा. रातभर मले त्याचीच लाज वाटून राहिली."

तिच्यापाशी क्षमा मागायला बाबा आले होते. तीच शरमिंदी होऊन पुढे उभी होती.

"पानी दे," ते शेवटी म्हणाले.

ती आत गेली. लोटा भरून आणला, जमिनीवर ठेवला आणि मागे सरली. मग आपण काय केले ते तिचे तिलाच कळले. ओठ दातांत धरून ती वाकली, लोटा उचलला आणि बाबांच्या हातात दिला.

तिची बोटे बाबांच्या बोटांना लागली. बाबांच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत सरसरून काटा आला. मी पाहिला. तान्हाबाईनेही पाहिला. बाबा लोटा धरून तसेच उभे राहिले. त्यांची मान वर होईना.

तान्हाबाईने सूप उचलले आणि आमच्याकडे पाठ करून ती पुन्हा ज्वारी पाखडू लागली. बाबांचे पाणी पिऊन होईपर्यंत तिने वळून पाहिले नाही.