दिवाणावरचा पेशंट

उस्मानपुऱ्यात केयूर हिब्रू शिकवायचा. इस्रायलला म्हाताऱ्या माणसांच्या सेवेला निघालेल्या बायका त्याच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसत. केयूर स्वतः कधी शिर्डीच्या पलीकडं गेला नव्हता, भाषा मोबाइलवर शिकला होता; पण चेहरा असा ठेवायचा, की सकाळीच विमानातून उतरलाय.

सरावाला पेशंट हवा म्हणून त्यानं आजीला, यमुनाबाईंना, दिवाणावर झोपवलं आणि तीन वाक्यं दिली. लो रोत्सा, म्हणजे नको. कोएव, म्हणजे दुखतंय. निमास ली, म्हणजे वैताग आलाय. यमुनाबाईंना ती इतकी मानवली, की क्लास सुटल्यावरही त्या सुनेशी मराठी बोलेनात.

गुरुवारी क्लासमधल्या, पडेगावच्या सत्यशीलेची व्हिडिओवर मुलाखत होती. घरी मेंढरं होती आणि दोन पोरी; ही नोकरी लागली तरच पोरी शहरात शिकणार होत्या. पडद्यावर शोशाना नावाच्या म्हाताऱ्या बाई आल्या, शेजारी त्यांचा मुलगा. सत्यशीलेनं विचारलं, "मा श्लोमेख?" म्हणजे कशा आहात.

"कोएव," दिवाणावरून यमुनाबाई सवयीनं कण्हल्या.

सत्यशीलाही सवयीनंच उठली आणि त्यांचे पाय चेपू लागली.

शोशानाबाई बघत राहिल्या, मग मुलाशी बराच वेळ बोलल्या. केयूर समजल्यासारखी मान हलवत होता. शेवटी मुलानं इंग्रजीत सांगितलं: बाई पसंत आहे, पण एका आजारी म्हातारीचं माणूस पळवून आणणं आईला पटत नाही.

आजी ठणठणीत आहे, हा नुसता सराव आहे, असं केयूरनं परोपरीनं सांगितलं. पलीकडं कुणाला पटेना.

"आजी, ऊठ ना."

"लो रोत्सा."

"उठा वो आजी," सत्यशीला रडकुंडीला आली. "माझ्या पोरींचं बघा जरा."

यमुनाबाई उठल्या. पदर खोचला आणि कोपऱ्यातला भरलेला सिलिंडर फिरवत फिरवत स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

पडद्यावर शोशानाबाईंनी डोळे पुसले. मुलगा पुढं सरकून म्हणाला: आई चार वर्षं अंथरुणाला खिळलीय. बाईनं पाय चेपले आणि ती म्हातारी उठली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. हीच पाहिजे, लगेच पाठवा.

फोन बंद झाला. हसावं की घाबरावं, हॉलमध्ये कुणाला कळेना.

"सर," सत्यशीला म्हणाली, "म्हणजे तिथं जाऊन त्या बाईला बी उठवायचं का?"

केयूरनं डोकं खाजवलं. "'उठा' आपलं अजून झालं नाही," तो म्हणाला. "सोमवारी घेऊ."