उमेजिरोची सहावी पाकळी

ओताकीच्या छापील चित्रांच्या दुकानात उमेजिरोचं नवं चित्र टांगायच्या दोन दिवस आधीच समोरच्या दुकानात ते झळकलं. नटाचा गणिकेचा वेष तोच, मान वळवून पंख्याआडून बघणंही तेच. जपानच्या एडो शहरातल्या नाटकवेड्या बायका तिथेच झुंबड करून उभ्या.

कोणीतरी चित्र फोडलंय, अशी ओताकीची खात्रीच झाली. मूळ चित्र तिच्या सख्ख्या भावानं काढलं होतं, त्याच्यावर शंका घेणं शक्यच नव्हतं. मग ते कोणाच्या हाती गेलं? यासुकेच्या. लाकडी ठसा कोरणारा हा म्हातारा तिच्या सासऱ्यांच्या वेळेपासून दुकानात होता. पण जुना माणूस म्हणजे खरा माणूसच, असं थोडंच आहे?

त्यानंतर तो शिंकला तरी तिला इशारा वाटे. दुपारी तो पाय मोकळे करायला निघाला की ही दाराच्या फटीतून बघत राही.

पुढच्या नाटकाचं चित्र आलं तेव्हा तिनं एक डाव टाकला. उमेजिरोच्या बाहीवर प्लमच्या पाच पाकळ्यांच्या फुलाचं त्याचं चिन्ह असे. तिनं हळूच कुंचल्यानं सहावी पाकळी काढली आणि चित्र यासुकेला दिलं. आता समोरच्या चित्रात सहा पाकळ्या दिसल्या की चोर सापडला!

समोर चित्र लागलं. पाकळ्या पाच. ओताकीनं सुटकेचा श्वास सोडला, आणि मग घरच्या ठशाचा पहिला छाप हातात घेतला. त्यातही पाचच!

"यासुकेकाका, सहावी पाकळी कुठं गेली?"

"कोरलीच नाही," तो म्हणाला. "प्लमला सहा पाकळ्या कधी बघितल्यात का, मालकीणबाई? असलं चित्र बाहेर पडलं असतं तर गल्लीभर हसं झालं असतं आपलं."

"की चित्र समोर दिलेलं कळू नये म्हणून वगळली?"

यासुके तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे ती चूक नव्हती तर." त्यानं पटाशी पुसली, हत्यारं फडक्यात गुंडाळली आणि मान लववून तो निघून गेला. तिनं थांबवलं नाही. चोर असल्याशिवाय कोण इतक्या लगेच उठतो, असंच तिला वाटलं.

चार दिवसांनी ती छापील चित्रं घेऊन नाटकगृहात गेली. शृंगारखोलीत उमेजिरो पंखा धरून, मान वळवून बसला होता. पुढ्यात समोरच्या दुकानाचा चित्रकार रेघा ओढत होता.

"या, या, ओताकीबाई!" उमेजिरो हसला. "तुमच्या भावाला दाखवतो तीच ढब यांनाही दाखवतो. दोन दुकानांत लटकलो की दुप्पट गर्दी. त्यात लपवायचं काय?"

तिला तोंडात मारल्यासारखं झालं. ती तडक यासुकेच्या घरी गेली. त्याची बायको दारातूनच म्हणाली, "ते समोर जातात आता. तुमच्या समोर."

ओताकी त्या दुकानाची पायरी आयुष्यात पहिल्यांदा चढली. यासुके खिडकीपाशी कोरत होता.

"काका, चुकले मी. घरी चला."

त्यानं पटाशी खाली ठेवली. चेहऱ्यावर राग नव्हता. शेजारचं फडकं उचलून त्यानं ठशावर नीट पसरलं.

"जरा पलीकडे उभ्या राहा, मालकीणबाई. हे चित्र अजून बाहेर पडायचंय."

ओताकी दोन पावलं मागे सरली.