साखळी नसलेली गाडी

पासष्टच्या लढाईत उजव्या हाताची दोन बोटं गमावून नाथाजी कडेगावला परतला, तेव्हापासून लष्करी लिलावातून घेतलेली त्याची मोटारसायकल गोठ्यातच उभी होती. तिला साखळी नव्हती. मागचं चाक लोखंडी दांड्यानं फिरायचं. एका दुपारी त्यानं दांड्याचा सांधा खोलला, पण सुकलेलं ग्रीस त्याला निघेना. मग बायको रंगूबाई पुढं सरली. तिनं सांधा रॉकेलनं धुतला आणि पुरण भरावं तसं ताजं ग्रीस दाबून भरलं. नाथाजीनं सांधा परत बसवून चाक फिरवलं. ते आवाज न करता फिरतच राहिलं, अन् बघता बघता दोघांची नजर त्यात हरवली.

"आवं, म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला जाऊया?" रंगूबाई झोपेत बोलल्यागत म्हणाली.

"बस की मागं!"

ज्वारीच्या हिरव्या लाटांतून गाडी तरंगत निघाली. रंगूबाईनं डोळे मिटून त्याच्या पाठीला डोकं टेकलं. सिद्धनाथाचा कळस दिसला, तेव्हा कुठं रंगूबाईनं डोळे उघडले.