दीड वीत डावीकडे

माझा नवरा गव्रील गेला, तेव्हा दारात आलेल्या प्रत्येकाने एकच गोष्ट सांगितली: त्याचा हात थरथरला असणार. छप्पन्न वर्षांचा माणूस, उणे अडतीसची थंडी, समोर अस्वल. थरथरतोच हात. ते बिचारे समजूत घालायला तसं म्हणत होते, पण मला प्रेताकडे बघून जेवढं लागलं नाही तेवढं त्या वाक्याने लागलं.

आमच्या याकुतियात शिकारी पुष्कळ आहेत. गव्रीलसारखी रायफल सांभाळणारा मी दुसरा पाहिला नाही. सव्वीस वर्षं त्याच्याकडे एकच रायफल होती. हिवाळ्यात ती कधी घरात आली नाही. बाहेरच्या थंड खोलीत खुंटीला टांगलेली असायची, कारण गार लोखंड उबेत आणलं की त्याला घाम सुटतो आणि परत बाहेर नेलं की तो घाम आतल्या आत गोठतो. मग ऐनवेळी चाप ओढला तर नुसता 'टक्'. पहिला बर्फ पडायच्या आधी तो बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा सरकता दांडा, सुटा करून पेट्रोलने धुवायचा आणि कोरडाठाक पुसायचा. तेलाचा थेंब ठेवायचा नाही. नळी साफ करताना गज नेहमी मागून पुढे घालायचा. पुढून घातला तर तोंडाची कड झिजते आणि गोळी वाटेल तिकडे जाते, असं त्याचं म्हणणं. साफ केलेल्या नळीतली पहिली गोळी जरा भरकटते म्हणून दोन गोळ्या नुसत्याच उडवायचा आणि मग नेम तपासायचा. शंभर पावलांवर फळी, फळीवर कोळशाचं वर्तुळ. मी फळीपाशी जाऊन बघायचे आणि ओरडून सांगायचे. तीन भोकं चहाच्या वाडग्याखाली झाकली गेली तरच रायफल परत खुंटीला.

नेम धरायची दुर्बीण रायफलवर ज्या स्क्रूंनी बसते, त्या प्रत्येक स्क्रूवर त्याने माझ्या नेलपॉलिशची बारीक रेष ओढून घेतली होती, अर्धी स्क्रूवर, अर्धी खालच्या पट्टीवर. स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेष तुटलेली दिसावी म्हणून. माझं नेलपॉलिश गर्द, सुकलेल्या रक्तासारखं. मुलीने शहरातून पाठवलेलं. मी ते बोटांना दोनदाच लावलं, बाकीचं सगळं रायफलला गेलं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला माझा धाकटा भाऊ प्लातोन ती रायफल मागायला आला. त्याच्या स्वतःच्या बंदुकीचा दस्ता फुटला होता आणि नदीपलीकडे एल्क हरिण दिसलं होतं.

"भाऊजी, तीन दिवसांत आणून देतो. तुमच्या हिला लहान मुलासारखं सांभाळतो."

"तुझ्या मुलांची नाकं मी पाहिली आहेत," गव्रील म्हणाला. "त्यांच्यापेक्षा बरी सांभाळ."

दोघंही हसले. गव्रील रायफल कोणाला द्यायचा नाही. प्लातोनला दिली ती माझ्याकडे बघून.

तो चौथ्या दिवशी संध्याकाळी परत आला. एल्क मिळालं नाही, एकही गोळी उडवली नाही म्हणाला, रायफल खुंटीला लावली आणि चहाही न घेता गेला. गव्रील म्हणाला, रविवारी तीन गोळ्या झाडून बघू.

रविवार आलाच नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मकार आला. मकार म्हणजे घोड्यांच्या तळावरचा म्हातारा राखणदार, नवऱ्याचा जुना जोडीदार. त्याच्या भुवया बर्फाने पांढऱ्या झाल्या होत्या.

"आजोबा झोपलेले नाहीत," तो म्हणाला. अस्वलाचं नाव आम्ही घेत नाही. "दोन घोड्या मारल्या. काल माझ्या खोपटाच्या दाराला हात लावून गेले."

ज्या अस्वलाला हिवाळ्यातही झोप लागत नाही, ते भुकेने वेडं झालेलं असतं आणि माणसाकडे यायला त्याला वेळ लागत नाही. रविवारपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. गव्रीलने थंड खोलीत टॉर्च धरून एकेक स्क्रू पाहिला. रेषा अखंड होत्या. त्याने बोल्ट दोनदा मागेपुढे केला, रायफल पाठीला लावली आणि मकारच्या मागे निघाला.

दुपारी मकारने त्याला स्लेजवरून आणलं, घोड्याच्या कातड्यात गुंडाळून. तोंडावरचं पांघरूण मी एकदाच सारून पाहिलं.

काय झालं ते मकारने उभ्या उभ्याच सांगितलं. ऐंशी पावलं अंतर. आजोबा आडवे उभे, तोंड उजवीकडे. गव्रीलने बर्फात गुडघा टेकला, श्वास सोडला, घाई केली नाही. गोळी खांद्यामागे लागायची ती पोटात लागली. ते वळून थेट अंगावर आले. दुसरी गोळी पुढच्या पंजात गेली. तिसरीला वेळच मिळाला नाही. मकारने आपल्या बंदुकीचे दोन्ही बार काढले तेव्हा ते त्याला सोडून जंगलात शिरले.

"हात हलला असेल गं उल्याना," मकार म्हणाला. "आपण म्हातारे झालो."

"तुम्ही हात हललेला पाहिलात?"

"नाही. पाहिला नाही."

आमच्याकडे हिवाळ्यात माणूस पुरायला तीन दिवस लागतात. जमीन दगडासारखी गोठलेली असते. जागा ठरवून तिच्यावर ओंडके पेटवायचे, वीतभर माती मऊ झाली की खणायची, पुन्हा पेटवायचं. गावातले पुरुष पाळीपाळीने त्या कामाला लागले. बायका माझ्या घरात स्वयंपाक करत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना म्हटलं, जरा जाऊन येते, आणि रायफल काढली.

बाईने शिकाऱ्याचं हत्यार ओलांडू नये असं आमच्यात मानतात. पण मी लहानपणी बापाबरोबर खारी मारलेल्या आहेत, आणि या रायफलशी माझी ओळख गव्रीलएवढीच जुनी. दस्त्यावर त्याचं रक्त गोठलं होतं, ते मी पुसलं नाही. नळीतून उजेडाकडे पाहिलं, नळी स्वच्छ होती. बोल्टही कोरडा होता. नदीकाठच्या फळीवर वर्तुळ काढलं, शंभर पावलं मोजली, ओटच्या दाण्यांची पिशवी स्लेजवर ठेवून तिच्यावर रायफल टेकवली आणि तीन गोळ्या झाडल्या. मग फळीपाशी चालत गेले. या वेळी ओरडून सांगायला पलीकडे कोणी नव्हतं.

वर्तुळात एकही भोक नव्हतं. तिन्ही भोकं डावीकडे होती, वर्तुळापासून दीड वीत लांब, आणि एकमेकांना इतकी चिकटून की वाडग्याखाली सहज झाकली असती.

थरथरणाऱ्या हाताच्या गोळ्या विखुरतात, अशा एका जागी येत नाहीत. रायफल खरी होती आणि हातही खरा होता. खोटी होती ती दुर्बीण.

मी तिथेच बर्फात बसून स्क्रू पाहिले. मागच्या दोन स्क्रूंवरची रेष लालभडक होती; टॉर्चच्या पिवळ्या उजेडात गव्रीलला रंगातला फरक कळला नसणार. नखाने खरवडल्यावर खाली माझी जुनी गर्द रेष निघाली, तुटलेली, अर्धी एकीकडे आणि अर्धी दुसरीकडे. दुर्बिणीच्या पट्टीच्या कडेला लोखंड चकाकत होतं, दगडावर आपटल्यासारखं. असं लालभडक नेलपॉलिश गावात एकच बाई लावते, प्लातोनची बायको.

प्लातोन त्या वेळी गव्रीलच्या खड्ड्यावर होता. जाळात ओंडके सरकवत होता आणि त्याचं तोंड काजळीने काळं झालं होतं. बरोबरची माणसं चहाला गेली होती. मी रायफल त्याच्यासमोर धरली आणि लाल रेषेवर बोट ठेवलं.

"हे काय आहे, प्लातोन?"

तो एकदम बोलू लागला. "स्लेज उलटली ताई. नदीवर बर्फाचे उंचवटे आहेत ना, तिथे. रायफल खाली आणि स्लेज वर. स्क्रू ढिले झाले होते, मी घट्ट केले. चांगले घट्ट केले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"ते म्हणाले असते, पुन्हा कधीच देणार नाही. सगळ्यांसमोर बोलले असते. मला वाटलं, घट्ट झालंय म्हणजे ठीकच असेल."

"ठीक होतं तर वरून रेष कशाला ओढलीस?"

जाळातला एक ओंडका खड्ड्यात कोसळला, तो त्याने काठीने नीट केला.

"त्या दिवशी सकाळी मी आमच्या फाटकाशी होतो," तो खाली बघत म्हणाला. "भाऊजी समोरून गेले. पाठीला रायफल होती. तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. मी म्हणालो, 'सांभाळून जा.' ते म्हणाले, 'तू नाकं पूस पोरांची.'"

मला त्याला त्या जाळात ढकलावंसं वाटलं. हे मी लपवत नाही. त्याला लहानपणी मी पाठीवर घेऊन नदी ओलांडलेली आहे, आणि तरीही वाटलं.

"उद्या सकाळी मकारकडे ये," मी म्हटलं. "जखमी करून सोडलेलं जनावर आहे. ते आपल्या घरचं काम आहे."

घरी जाऊन मी थंड खोलीत दुर्बीण पूर्ण उतरवली. बोटं उघडी ठेवली तर लोखंडाला कातडी चिकटत होती, म्हणून पातळ सुती मोजे घातले. स्क्रू पेट्रोलमध्ये धुतले आणि एकेक थोडा थोडा, आळीपाळीने आवळला, गव्रील आवळायचा तसा. पट्टी किंचित वाकली होती, ती त्याच्या सुट्या सामानातून बदलली. उजेड होता तोवर पुन्हा फळीवर गेले. दोन गोळ्या झाडल्या, नाण्याने दुर्बिणीचा नेम सरकवणारा खाचेचा खुंट फिरवला, परत दोन, परत फिरवला. शेवटच्या तीन वर्तुळात बसल्या. खिशात सात काडतुसं उरली, सगळी एकाच पेटीतली.

सकाळी बायका म्हणाल्या, घरात प्रेत आहे आणि तू कुठे निघालीस? मी म्हटलं, त्याचंच अर्धवट राहिलेलं काम करायला.

माग काढणं अवघड नव्हतं. दर दहा-वीस पावलांवर बर्फात काळं रक्त होतं. मकार पुढे, मी मध्ये, प्लातोन मागे. दुपारच्या सुमारास मकारने हात वर केला. स्प्रूसच्या दाट झाडांखाली आजोबांनी पुढच्या एकाच पंजाने बर्फ उकरून खळगा केला होता आणि त्यात पडले होते. जिवंत होते. दर श्वासाला वाफेचा छोटासा ढग निघत होता. फासळ्या मोजता येत होत्या. आम्हाला पाहून उठायचा प्रयत्न केला, मागचा भाग उठलाच नाही. दोन दिवस पोटात गोळी घेऊन ते थंडीत पडून होते. मी त्यांचा राग करायचं ठरवून आले होते. तो मला करता आला नाही.

चाळीस पावलांवरून एकच गोळी झाडली. वाफ थांबली.

मकारने टोपी काढली आणि रिवाजाचे शब्द म्हटले. "आजोबा, आमच्यावर रागावू नका. आम्ही नाही काही केलं. वाऱ्याने झाड पडलं तुमच्यावर."

असं म्हणतातच. शंभर वेळा ऐकलंय मी. पण त्या दिवशी ते माझ्या कानाला सोसवेना.

"झाड नाही," मी म्हणाले. "मी मारलं. आणि परवाची गोळी पोटात लागली ती आमच्या घरच्या चुकीने."

मकार माझ्याकडे आणि मग प्लातोनकडे बघत राहिला. त्याला किती कळलं, देव जाणे. प्लातोन मागे उभा राहून रडत होता. पापण्यांवर पाणी गोठत होतं आणि तो ते हातमोज्याने मोडत होता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी गव्रीलला पुरलं. नंतरच्या जेवणाला सगळं गाव आमच्या घरी होतं. घोड्याच्या मांसाचं सूप वाढलं, व्होडका ओतली. सरपंच उठून चांगलं बोलला आणि शेवटी म्हणाला, "कितीही मोठा शिकारी असला, तरी एक दिवस हात..."

"हात नव्हता," प्लातोन म्हणाला.

तो उठून उभा राहिला. आवाज इतका बारीक होता की सुरुवातीला टेबलाच्या पलीकडच्यांना ऐकूच आलं नाही. स्लेज, स्क्रू, बायकोच्या नेलपॉलिशची बाटली, फाटकाशी गप्प राहणं, सगळं त्याने सांगितलं. मी त्याला सांगायला लावलं नव्हतं. त्याच्या बायकोने चमचा खाली ठेवला, मुलांचे कोट घातले आणि त्यांना घेऊन निघून गेली. बाकीचं कोणी हललं नाही. कोणी त्याला मारलं नाही, शिवीही दिली नाही. मकारने फक्त आपला पेला त्याच्यापासून दूर सरकवला.

त्यानंतर हाताविषयी कोणी बोललं नाही. प्लातोनला मात्र कोणी शिकारीला बोलावलं नाही. महिन्याभराने बायको परत आली, त्याने गावच्या बॉयलरघरात कोळसा टाकायचं काम धरलं आणि स्वतःची बंदूक विकली.

लोक आता मोसमाआधी आपापल्या रायफली माझ्याकडे आणतात. मी त्या तपासते, फळीवर तीन गोळ्या झाडते आणि कोणाची आपटलेली असेल तर ती कोणी आपटली हे विचारल्याशिवाय परत देत नाही. आता पुरुष खरं सांगतात, निदान मला तरी.

मार्चमध्ये प्लातोन न सांगता सरपण घेऊन आला. अंगणात फोडलं, भिंतीशी रचलं, भुसा झाडला. मी खिडकीतून बघत होते. काम झाल्यावर तो दारापाशी आला, पायांवरचा बर्फ झटकला आणि बाहेरूनच म्हणाला, "ताई, आत येऊ?"

चुलीवर चहा होता. दोन वाडगे पुरले असते.

"आज नको," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात अजून आणतो."