जीवराम आबांच्या चाळणीतले नेफ्रिन

मित्रांनो, मी एक जुने प्रथिन आहे. माझे नाव नेफ्रिन. नरडाण्याजवळच्या खेड्यात राहणाऱ्या जीवराम आबांच्या मूत्रपिंडात माझी वस्ती. आमच्यातले एक झिजले की पेशी दुसरे घडवते आणि ते त्याच जागी उभे राहते. म्हणून मी जुने. मला कान नाहीत, तरी घरातले बोलणे ऐकू येते. गोष्ट सांगणाऱ्याला एवढी सूट द्या.

मूत्रपिंडात रक्त गाळणारी चाळणी असते. एकमेकांचे हात धरून आम्ही तिची जाळी विणतो. घाण जाऊ द्यायची, रक्तातली प्रथिने अडवायची. आमच्याच कुळातले काही स्वादुपिंडात असतात. जेवणानंतर साखर वाढली की तिथल्या पेशींना इन्सुलिन सोडायला ते हातभार लावतात. आबांच्या तरुणपणी दोन्हीकडे झकास चालले होते. कौतुक मात्र कोणी केले नाही. चाळणी फाटल्याशिवाय तिच्याकडे कोण बघतो?

पुढे आबांना मधुमेह झाला. गोळी सुरू झाली आणि आम्ही तग धरला.

यंदा श्रावणात घरी खानदेशाची देवी कानबाई बसली. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू दळून तिच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात. ते घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच संपवायचे, बाहेरच्याला घासही नाही. आबांचे दोन्ही मुलगे सुरतेला कामाला. त्यांना सुट्टी मिळाली नाही. त्यांच्या नावाचे गहू मात्र दळले गेले.

"पोरेसना वाटा आते कोण खाई?" आबांच्या कारभारणीने, झुंबरबाईंनी विचारले.

"मी खासू ना! कानबाईनं खाईसन कोणले बाधस का?" आबा म्हणाले आणि त्यांनी गोळ्यांची पट्टी फडताळात टाकून दिली.

सकाळी रोट आणि खीर, संध्याकाळीही तेच. साखर चढतच गेली. स्वादुपिंडातल्या कुळाने जीव तोडला, पण इन्सुलिन पुरेना. मी फार घाबरले. माझ्या सोबत्यांची पकड सुटू लागली. एकेक जण लघवीतून वाहून गेला आणि त्या भोकांतून रक्तातली प्रथिनेही निसटू लागली.

गावीच राहणाऱ्या थोरल्या सुनेला, मोहिनीला, आबांच्या चपलेचा पट्टा पायात रुतलेला दिसला.

"आत्याबाई, आबाना पाय सुजेल शेतस. धुळाले लई जाऊत," ती सासूला म्हणाली.

"रोट उरेल शेतस. अर्धा सोडात ते माय कोपी जाई."

मोहिनीने ऐकले नाही. ती आबांना धुळ्याला घेऊन गेलीच.

"आबा, मूत्रपिंडातून प्रथिन गळतंय," तपासणी पाहून डॉक्टर म्हणाले. "असंच चाललं तर पुढे मशीनवर रक्त धुवावं लागेल. गोळी कोणी बंद केली?"



घरी आल्यावर आबांनी सवयीने हात धुतले. रोट वाढलेले होते. झुंबरबाईंनी ते ताट त्यांच्यापुढून उचलले.  विसर्जनानंतर रिकाम्या झालेल्या कानबाईच्या चौरंगापुढे जाऊन त्यांनी डोके टेकले.

"माय, तुन्हा रोट मी अर्धा सोडी राहिनू. कोपनं व्हई ते मन्हावर कोप. यासले सोड."

आता आबा गोळी चुकवत नाहीत. वाहून गेलेल्यांची जागा पुरती भरेल की नाही, मला ठाऊक नाही. आम्ही उरलेले मात्र घट्ट धरून आहोत. मित्रांनो, तुमच्या घरात कोणाला मधुमेह असेल, तर दरवर्षी त्यांची लघवी तपासून घ्या आणि देवाच्या नावाखालीही गोळी बंद करू देऊ नका. झुंबरबाईंना देवीचा कोप अंगावर घ्यावा लागला. तुम्हाला फक्त एक लहानशी बाटली प्रयोगशाळेत पोचवायची आहे.