सतरा सह्या

कुलूपरावांवर अफरातफरीचा गुन्हा दाखल झाला तेव्हा हॉस्पिटलातले लोक पहिले दोन दिवस नुसते हसले. सरकारी हॉस्पिटलचं भांडार तीस वर्षं सांभाळलेला हा माणूस. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, नाकावर चष्मा आणि चष्म्याच्या वर संशय. कापसाचा बोळासुद्धा लिहून घेतल्याशिवाय हातावर ठेवायचा नाही. म्हणून खरं नाव कधीच मागे पडलं आणि कुलूपराव हेच चिकटलं. "कुंपणाने शेत खाल्लेलं ऐकलं होतं," लिफ्टवाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आपल्याकडे कुलपानेच तिजोरी खाल्ली." तिसऱ्या दिवशी पोलिसांनी कुलूपरावांना भर दुपारी भांडारातून नेलं. जुडगा टेबलावर काढून ठेवायला लावला. मग लिफ्टवालाही गप्प झाला.

आरोप समजायला सोपा होता. आठ वर्षांपूर्वी लोकांच्या करातून सहाशे ब्लँकेटं विकत घेतली. पैसे गेले, पण एकही ब्लँकेट कुठल्या रोग्याच्या अंगावर पडलं नाही. तेव्हाचे मोठे डॉक्टर आता बढती घेऊन वरच्या कचेरीत बसले होते. त्यांचं म्हणणं, माल आला होता, भांडारपालाने तो बाहेर विकला. कुलूपरावांचं म्हणणं, माल आलाच नव्हता. आणि या दोन म्हणण्यांच्या मधोमध, माल पोचल्याच्या पाच पावत्यांवर, मावशीची सही होती.

मावशी कपड्यांच्या खोलीतली. सगळं हॉस्पिटल तिला मावशीच म्हणायचं, मोठे डॉक्टरसुद्धा. धुऊन आलेल्या चादरी झटकायच्या, घड्या घालायच्या, वॉर्डावर पाठवायच्या. फाटकं हाताला आधी कळायचं, डोळ्याला मागून. सत्तावीस वर्षं रोजंदारीवर काढून ती गेल्या साली घरी बसली होती. आपल्या खोलीत सहाशे ब्लँकेटं आली असती तर ठेवायला जागा कुठे होती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. आली नव्हती. सहाशे सोडा, सहासुद्धा आली नव्हती.

मग सही कशी? तर तीही गोष्ट साधीच होती.

मावशी जन्मभर अंगठेबहाद्दर. पाच वर्षांपूर्वी मुलाचं लग्न झालं आणि सून घरात आली, ती दहावी शिकलेली आणि जिभेला धार असलेली. सासूचा निळा अंगठा बघून म्हणाली, "आई, उद्यापासून बसायचं." आणि बसवलं. मावशी पन्नाशी ओलांडल्यावर बाराखडी शिकली. नाव लिहायला आलं त्या आठवड्यात तिने दुधाच्या हिशेबाच्या कागदावर, कॅलेंडरवर, पिठाच्या डब्याच्या झाकणावर, जिथे जागा दिसली तिथे आपलं नाव लिहून ठेवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हॉस्पिटलचा हेडक्लार्क कपड्यांच्या खोलीत स्वतः चालत आला. हातात कागदांचा गठ्ठा. "मावशी, शिकलात म्हणे. वरून हुकूम आलाय, जुन्या कागदांवर आता अंगठा चालत नाही. जिथे जिथे तुमचा अंगठा होता ते कागद जुन्याच कोऱ्या फॉर्मांवर पुन्हा लिहिलेत, त्यांवर सही लागणार. पेन्सिलने फुली केलीय, तिथे करा." एरवी खिडकीतून बाहेर न बघणारा माणूस आपल्यासाठी स्टूल पुसून देतोय, याचंच मावशीला अप्रूप. कागदावरचं वाचायचं म्हणजे एकेक अक्षर लावत बसावं लागलं असतं, आणि साहेबाला ताटकळत ठेवणं बरं दिसत नव्हतं. तिने सतरा कागदांवर सतरा वेळा नाव लिहिलं. हेडक्लार्क म्हणाला, "अक्षर मोत्यासारखं आहे हो." त्या दिवशी मावशी घरी जाताना पिशवीभर फळं घेऊन गेली होती.

कोर्टाचं समन्स आलं त्याच रविवारी हेडक्लार्क घरी आला. खोलीत एकच खुर्ची होती, ती त्याने स्वतःच ओढून घेतली.

"घाबरायचं काही नाही," तो म्हणाला. "सरकारी वकील पावती दाखवतील, विचारतील सही तुमची का. तुम्ही म्हणायचं, माझी. झालं. खोटं थोडंच बोलायचंय? तुमचीच आहे की."

"पण साहेब, ब्लँकेटं आली नव्हती."

"तुम्हाला ब्लँकेटांचं कोण विचारतंय?"

"आणि सही मी नंतर केली."

हेडक्लार्कने पाण्याचा पेला उचलला, थोडं प्यायला, पेला पुन्हा होता तिथेच ठेवला. "तसं सांगितलंत तर त्याला खोटी पावती करणं म्हणतात. कुलूपराव बाहेर येतील आणि तुम्ही आत जाल. तुरुंगात जागा रिकामी ठेवत नाहीत, मावशी." तो स्वतःशीच हसला. मग दाराशी उभ्या असलेल्या मुलाकडे वळला. मुलगा त्याच हॉस्पिटलात ॲम्ब्युलन्सवर कंत्राटी ड्रायव्हर होता. "तुझं कंत्राट कधी संपतंय रे?"

"एकतीसला, साहेब."

"एकतीसला," हेडक्लार्क म्हणाला. एवढंच म्हणाला आणि चपला घालून गेला.

दार लावल्यावर सून म्हणाली, "आई, तो म्हणतो तसं म्हणून टाका. त्या कुलपाने वीस वर्षं रोज संध्याकाळी तुमची पिशवी तपासली. रोज. चोरासारखी. त्याच्यासाठी तुम्ही विषाची परीक्षा घेणार?"

"तपासली," मावशी म्हणाली. "आणि मी त्याला मनात शिव्या घातल्या, तेही रोज. पण एक चादर फाटून निकामी झाली तर ती पायपुसण्याला वापरायचीसुद्धा चोरी होती त्याच्या राज्यात. तो माणूस सहाशे ब्लँकेटं विकेल?"

"मग काय, आपलं घर उघडं टाकायचं?"

मुलगा गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत राहिला.

मावशीने मात्र मनाशी एक गोष्ट धरली होती आणि ती कुणाला सांगितली नव्हती. रोजंदारीवाल्यांना दर महिन्याला पगाराची वेगळी पावती असायची. ज्या साली ब्लँकेटं आली म्हणतात, त्या सालच्या बारा पावत्यांवर तिचा अंगठा असणार. ज्या बाईला मार्चमध्ये पगाराला अंगठा उठवावा लागतो, ती त्याच मार्चमध्ये ब्लँकेटांवर सही कशी करेल? हे कुठल्याही न्यायाधीशाला कळेल. खरं सांगायचं आणि पुढे पावत्या ठेवायच्या. मग तिने जाणूनबुजून काही केलं नाही हेही दिसेल, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी होणार नाही.

कोर्टाची खोली तिला वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली. छतावर डाग, एक पंखा सुरू, एक बंद. कुलूपराव आरोपीच्या जागी बसले होते. कमरेला जुडगा नव्हता, त्यामुळे पँट सैल दिसत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मागच्या बाकावर मुलगा आणि सून, आणि त्यांच्या पाठीमागच्या बाकावर हेडक्लार्क.

सरकारी वकिलाने पावती पुढे धरली. "ही सही तुमची?"

"माझी."

"बस. एवढंच."

"पण साहेब, पावतीवर जे साल आहे, त्या साली मला सही येत नव्हती."

टाइपिस्टची बोटं थांबली. न्यायाधीशांनी मान वर केली. "बाई, नीट विचार करून बोला. जे सांगाल ते तुमच्यावरही उलटू शकतं."

मावशीने सांगितलं. स्टूल, पेन्सिलीच्या फुल्या, सतरा कागद, सगळं. क्रम चुकला नाही. घड्या घालणाऱ्याचा हात असतो तसं तिचं बोलणं होतं. शेवटी म्हणाली, "त्या सालच्या माझ्या पगाराच्या पावत्या मागवा. बारा आहेत. अंगठा दिसेल."

हे म्हणताना तिने हेडक्लार्ककडे पाहिलं. तो घाबरेल असं तिला वाटलं होतं. तो खिशातल्या डायरीत काहीतरी टिपत होता, भाजीची यादी करावी तसं निवांत.

न्यायाधीशांनी पावत्या मागवल्या आणि आठ दिवसांनंतरची तारीख दिली.

त्या आठ दिवसांत काहीच झालं नाही. कुणी धमकी दिली नाही, कुणी घरी आलं नाही. फक्त मुलाची ड्युटी बदलून त्याला शवागाराच्या गाडीवर टाकलं. आणि लिफ्टवाला, जो मावशीला रस्त्यात गाठून गप्पा हाणायचा, तो तिला पाहून पलीकडच्या फुटपाथवर गेला. "काही झालं असतं तर बरं वाटलं असतं," मावशी सुनेला म्हणाली. सून भांडी घासत होती. तिने फक्त नळ मोठा केला.

तारखेला पावत्या आल्या. पिवळा कागद, गंजलेली टाचणी. सरकारी वकिलाने गठ्ठा मावशीसमोर ठेवला आणि एकेक पावती सावकाश उलटली. जानेवारी. फेब्रुवारी. मार्च.

अंगठा नव्हता. प्रत्येक पावतीवर तिचं नाव होतं, तिच्याच हाताने लिहिलेलं, मोत्यासारखं.

मावशीने कठडा धरला. पाच आणि बारा सतरा. आपण नक्की कशावर सह्या केल्या, हे तिला साडेतीन वर्षांनी, भर कोर्टात उभं राहून कळलं. तिचा एकुलता एक पुरावा तिनेच स्वतःच्या हाताने, हौसेने, पुसून टाकला होता. पायाखालची वाळू सरकते म्हणतात, ती अशी.

"या सह्या कुणाच्या?" वकिलाने विचारलं.

"माझ्याच."

"म्हणजे त्या साली तुम्हाला सही येत होती."

"नाही."

"बाई, मग तुम्ही लिहायला कधी शिकलात? कुणी शिकवलं?"

मावशीला उत्तर माहीत होतं. ते उत्तर तिसऱ्या बाकावर बसलं होतं. शेजारी मुलगा होता, आणि मागून हेडक्लार्कचा हात मुलाच्या बाकाच्या पाठीवर टेकलेला होता. स्वतः आत जायची तिने तयारी केली होती. पण हे नाव घेतलं तर ती एकटीच अडकणार नव्हती.

"आठवत नाही," ती म्हणाली.

कुलूपरावांनी त्या दिवशी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. हे असंच होणार, हे त्यांनी आधीच कुठेतरी लिहून ठेवल्यासारखं होतं.

सरकारी वकील हसला. "आठवणार कसं? साहेब, हे अक्षर पाहा. हे म्हातारपणी शिकलेलं अक्षर वाटतं का? पन्नाशीनंतर असं अक्षर येत नसतं. बाई लहानपणीच शाळेत गेलेल्या आहेत. अडाणीपणाचं सोंग आहे हे, आणि सोंगही आरोपीनेच पढवलेलं."

"शाळेत?" मागून आवाज आला. "दीड वर्ष लागलं हो. नुसत्या 'ळ'ला दोन महिने."

सगळे वळले. सून उभी होती. मुलाने तिचं मनगट धरलं होतं, तरी ती उभी होती. आपण उठलो कधी हे तिचं तिलाही कळलं नसावं.

"कोण तुम्ही?" न्यायाधीशांनी विचारलं.

"यांची सून. मी शिकवलं. माझं लग्न पाच वर्षांपूर्वी झालं, त्याआधी यांना अ सुद्धा येत नव्हता. माझ्या माराची भीती होती म्हणून अक्षर आलं तसं." कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"काही वह्या वगैरे आहेत?"

सुनेचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "रद्दीत घातल्या."

"म्हणजे तुमचा नुसता शब्द."

"हो. शब्दच."

न्यायाधीशांनी तिला क्षणभर निरखलं. "पुढे या," ते म्हणाले, "आणि शपथ घेऊन सांगा."

मुलाने मनगट सोडलं. सून बाकांच्या मधल्या वाटेने पुढे निघाली, आणि त्याच वेळी हेडक्लार्क उठून त्याच वाटेने बाहेर निघाला. वाट अरुंद होती. त्याने अंग चोरून तिला जागा दिली, अगदी आदराने, आणि दाराबाहेर पडता पडता फोन कानाला लावला.

सुनेची साक्ष संपून पुढची तारीख पडली, तेव्हा दुपार कलली होती. तिघं पायऱ्या उतरून आवारात आले. मुलाने सकाळी लावलेली शवागाराची गाडी तिथेच होती, पण तिच्यात दुसराच ड्रायव्हर बसलेला होता. ओळखीचा होता. तो मुलाच्या डोळ्यांत न बघता म्हणाला, "माझ्याकडे दुसरी किल्ली दिली रे त्यांनी. मी काय करू?" मुलाने खिशातून आपली किल्ली काढून त्याला दिली, मागच्या सीटवरची पाण्याची बाटली आणि स्वेटर घेतला. गाडी निघून गेली.

"कोण मावशी?" वरच्या पायरीवरून एका पोलिसाने हाक मारली. "तपास अधिकारी थांबलेत वर. त्या सतरा सह्यांबद्दल जबाब घ्यायचाय."

"मी येते बरोबर," सून म्हणाली.

"एकट्यांनीच यायचं. तुमचं बोलावणं वेगळं येईल."

मावशीने पदर सारखा केला. "काय लिहून घेतील ते मी आधी वाचणार," ती पोलिसाला म्हणाली. "एकेक अक्षर लावून वाचते मी. वेळ लागेल."

"लागू दे," पोलीस म्हणाला. "तिथे कुणाला घाई नाही."

ती त्याच्या मागून जिना चढून गेली. मुलगा आणि सून खालच्या पायरीवर बसले. बऱ्याच वेळाने मुलाने हातातला स्वेटर बायकोच्या खांद्यावर टाकला. वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीचा पडदा अर्धा उघडा होता. कुणीतरी तो आतून पूर्ण ओढून घेतला.