न बांधलेली पट्टी

एकोणीसशे बासष्ट साल. पावसाळा सरून थंडी नुकती सुरू झाली होती. फांद्यांवर शेवटची फळं होती, तेव्हा मला तोडलं.

मी सीताफळाचं झाड बोलतोय. केशकर्तनालयाच्या मागच्या अंगणात उभा आहे. मला कोणी लावलं नाही. न्हाव्याने फळ खाऊन बी थुंकली आणि मी उगवलो. त्यामुळे उपकाराचं ओझं माझ्यावर नाही. अपमान मात्र मी विसरत नाही.

माझा पाला ठेचून लोक गळवांवर बांधत, जनावरांच्या चिघळलेल्या जखमांत भरत. बियांची पूड तेलात कालवून डोक्याला चोळली की उवा मरत. ते काम न्हावी स्वतः करी. आधी ओल्या फडक्याची जाड पट्टी डोळ्यांवर, गाठ कानामागे. मग पूड. माझी बी डोळ्यांची वैरीण आहे, हे मी कधी लपवलं नाही. त्यानेही नाही.

एकदा न्हावी लग्नाला परगावी गेला. दुकान मेव्हण्यावर सोपवलं. न्हाव्याची लेक उवांनी बेजार झाली होती, म्हणून मामाने तिला खुर्चीत बसवलं. मागचं दार सताड उघडं असतं. मला सगळं दिसतं. दुकानातले टॉवेल माझ्या फांदीला बांधलेल्या दोरीवर ओले लोंबत होते. म्हणून मामाने पट्टीचं फडकं दाढीच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात खोचलं होतं.

"मामा, पट्टी?"

"डोळे घट्ट मीट. गिऱ्हाईक थांबलंय."

पोरीला शिंक आली, डोकं हललं आणि पूड डाव्या डोळ्यात गेली. पुढचं ओरडणं गल्लीने ऐकलं.

डावा डोळा पांढरा पडला. न्हावी परत यायच्या आत मामाने कुऱ्हाड आणली आणि चार माणसांसमोर मला बुंध्यातून तोडलं. न्हावी आल्यावर मामा म्हणाला, "दाजी, पट्टी मी बांधली होती. पोरीने ओढून काढली. पण झाडच विषारी. मुळावर आलं होतं घराच्या."

"बांधलीच नव्हती," पोरगी म्हणाली. लहान पोरीचं कोण ऐकतो? न्हाव्याने माझ्या बुंध्याकडे बघितलं आणि थुंकला. ज्या तोंडातून मी आलो, त्याच तोंडाने.

सीताफळ तोडून मरत नाही, हे मामाला ठाऊक नव्हतं. मी खालून फुटलो, हट्टाने. पुन्हा फळं धरली. आणि ज्याने मला विषारी ठरवलं, तोच माझ्या बिया कुटून पुड्या विकू लागला. पुडीवर छापलं, 'लहान मुलांसाठी निर्धोक'. न्हावी म्हातारा झाला, कोपऱ्यात वस्तऱ्यांना धार लावत बसू लागला. मी दरवर्षी फळत राहिलो. वाट बघत.

पोरगी शिकली. मोठ्या प्रयोगशाळेत लागली. एक दिवस आली, माझा पाला, साल, बिया पिशव्यांत भरून घेऊन गेली. तिने बियांचा अर्क काढला, उवांवर घालून बघितला. मामाच्या पुड्याही तपासल्या. मग पुन्हा आली आणि माझ्या बुंध्याशी उभी राहून म्हणाली, "उवा मरतात, खरं आहे. बुबुळ जळतं, तेही खरं आहे. तू कधी खोटं बोलला नाहीस."

माझी तपासणी संपली होती. आता मामाची होती.

दुकान भरलं होतं. मामाने तिला बघून आरोळी ठोकली, "या डॉक्टरीणबाई! मामाच्या डोक्याला चंपी करायला आलात?"

"हो. बस खुर्चीत."

गिऱ्हाइकं हसली. मामा ऐटीत बसला. तिने खुर्ची मागे कलवली, फळीवरची पुडी फोडली आणि चिमूट त्याच्या डाव्या डोळ्यावर धरली.

"ए, पट्टी राहिली!"

"डोळे घट्ट मीट, मामा. गिऱ्हाईक थांबलंय."

"थट्टा पुरे. बांध आधी पट्टी!"

"कशाला? पुडीवर निर्धोक लिहिलंय की. बघा हो मंडळी, वाचा."

मामाच्या कपाळावर घाम आला. मी मनात ओरडत होतो: सांड, पोरी, सांड! तिचा हात हलला नाही. सांडलीही नाही, मागेही घेतली नाही.

"माझी पट्टी कुठे होती, मामा?"

"गिऱ्हाइकाच्या... गळ्यात."

"कोणी बांधली नाही?"

"मी," मामा पुटपुटला.

कोपऱ्यातलं धार लावणं थांबलं. म्हाताऱ्याने वस्तरा खाली ठेवला.

"मोठ्याने बोल," पोरगी म्हणाली.

"मी बांधली नाही, दाजी! पोरीने ओढली नव्हती. झाडाचा काही दोष नव्हता!"

फिटलं.